रिकाम्या गाडीचं वजन

१

३ मार्च, मंगळवार. आकाश निरभ्र, वारा अजिबात नाही. सकाळी नऊलाच शेडचे पत्रे तापून कडकड वाजायला लागले होते.

वाहन तपासणी केंद्राच्या रांगेत बाइंडरची गाडी चौथी होती. बाइंडर म्हणजे ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची बांधणी करणारा माणूस. वय चोपन्न, आणि स्वभाव असा की पुठ्ठ्याचा एक कोपरा दोराभर इकडचा तिकडे झाला तरी सगळी शिलाई उसवून पुन्हा बसणार. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली होती. नोंदणी नव्याने करायची, विमा नव्याने उतरवायचा, आणि दोन्हींसाठी तपासणीचा एकच कागद हवा. जुना विमा जानेवारीतच संपला होता. असल्या माणसाकडून तारीख चुकली कशी, याचं त्याच्या मेहुण्याला राहून राहून नवल वाटत होतं.

मेहुणा विमा एजंट. त्याने पंधरा दिवसांचा तात्पुरता विमा करून दिला होता, म्हणून गाडी आज दीड महिन्याने रस्त्यावर आली होती.

"भावजी, लग्नाचा वाढदिवस विसरला असतात तर मी समजू शकलो असतो," शेजारच्या सीटवर फॉर्म भरता भरता तो म्हणाला. "पण विम्याची तारीख? तुम्ही?"

बाइंडर पुढच्या गाडीकडे बघत राहिला.

"बरं. रोजचा वापर कशासाठी, ते लिहायचंय."

"सकाळी हिला शाळेत सोडायचं. तिथून ग्रंथालय. संध्याकाळी परत."

"आणि?"

"आणि काही नाही. आता एवढंच."

बायको कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. शाळा गावाबाहेर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना बिचारी दीड महिना दोन बस बदलून जात होती आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. हीच गाडी पास व्हायला हवी होती.

नियम साधा होता. तीन वेळा तपासणी. तिसऱ्यांदा नापास झालेली गाडी केंद्राच्या बाहेर येत नाही. शेडच्या मागे दाबयंत्र होतं, तिकडून मधूनच कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि त्यानंतर काचा फुटायच्या.

चॅसिस नंबरचा छाप बाइंडरने घरूनच आणला होता, पातळ कागदावर पेन्सिल घासून, एकही आकडा न फाटू देता. तपासनीस बाईंनी तो उजेडात धरला. "असा छाप वर्षात बघितला नाही," त्या म्हणाल्या. ब्रेक ठीक निघाले, दिवे ठीक, धूर ठीक. मग गाडी चार लोखंडी पाट्यांवर उभी राहिली, एकेका चाकाखाली एक. बाइंडर खाली उतरला, मेहुणा उतरला.

"गाडी रिकामी करून आणायची असते," बाई म्हणाल्या.

"रिकामीच आहे."

"कागदावर सातशे चाळीस आहे. इथे सातशे साडेचौऱ्याऐंशी दाखवतंय. पंधरा किलो इकडेतिकडे चालतात. हे साडेचव्वेचाळीस होतात."

डिकीत स्टेपनी आणि जॅक, ते तर धरलेलेच असतात. सीटखाली काही नाही. बाईंनी चारही पाट्यांचे आकडे पुन्हा पाहिले.

"सगळा जादा भार मागच्या डाव्या चाकावर आहे," त्या म्हणाल्या. "मिस्त्रीला दाखवा."

२

मिस्त्री गाडीला पंधरा वर्षं ओळखत होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, मागे उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून बंपर बघितला.

"बसलीय खरी. दादा, मागे डावीकडे कोण बसतं?"

"आता कोणी नाही."

"स्प्रिंग गेली असणार."

स्प्रिंग गेली नव्हती. काढून उजवीच्या शेजारी उभी केली, तर दोन्ही केसभरही लहानमोठ्या नाहीत. परत बसवली आणि जॅक काढला तशी गाडी डावीकडे हळूच खाली गेली. अंगावर ओझं असलेलं माणूस खुर्चीत बसतं तशी, सावकाश.

"मग पाणी," मिस्त्री म्हणाला. "दाराच्या पोटात पाणी साठतं जुन्या गाड्यांत. आवाज येतोय बघा."

बाइंडरने कान लावला. दार बंद होतं. आतून अगदी बारीक, हुक्का ओढल्यासारखी गुडगुड येत होती. थांबायची, पुन्हा यायची. बाइंडरला मनातून बरं वाटलं. पाणी म्हणजे पाणी. ते काढता येतं.

मिस्त्रीने दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी केली. त्यातून चिमूटभर कोरडी धूळ पडली. मग आतलं पॅनेल काढलं. दाराच्या पोटात गंजसुद्धा नव्हता.

"माझे तर हातच टेकले," मिस्त्री म्हणाला. मग पॅनेल पुन्हा बसवता बसवता, सहज विचारावं तसं, "आई कशा आहेत?"

"गेली. जानेवारीत."

मिस्त्रीच्या हातातला स्क्रू थांबला. त्याने तो नीट पिळून बसवला, फडक्याने दाराचं हँडल पुसलं, आणि मजुरी किती झाली हे कितीदा विचारलं तरी सांगितलं नाही.

३

बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी बाइंडरने बायकोला शाळेत सोडलं. गाडी चालत होती झकास. फक्त मागची डावी काच.

"अहो, ही एकच काच धूसर कशी होते?" बायकोने बुधवारी विचारलं. तिने हात मागे करून ती पुसली. चौकापर्यंत ती पुन्हा धूसर.

"बाहेरून दव पडत असेल."

"मी आतून पुसली."

गुरुवारी बाइंडरने नीट पाहिलं. ग्रंथालयाच्या आवारात गाडी सावलीत लावली, आणि मागच्या डाव्या दाराशी उभा राहिला. काचेवर बशीएवढा एक डाग होता. तो कडेने लहान होत होत वाटीएवढा झाला, आणि पुन्हा पसरून बशीएवढा. पुन्हा लहान, पुन्हा मोठा. बाइंडरने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून मोजलं. मिनिटाला सव्वीस वेळा.

उन्हाने काच तापते, आत रबरात ओल असते, हवा गरम होऊन फुगते. त्याने स्वतःला तीन कारणं दिली. तिन्ही पटण्यासारखी होती. मग तो वर गेला आणि एका जुन्या शब्दकोशाची शिवण घालायला बसला. संध्याकाळपर्यंत त्याने ती दोनदा उसवली.

शुक्रवारी बायको शाळेच्या फाटकाशी उतरली, पण दार लावेना. दाराला धरून वाकून उभी राहिली.

"रस्ताभर मागून कुणीतरी दम खातंय असं वाटत होतं मला," ती म्हणाली. "तुम्हाला वाटलं का?"

"सायलेन्सर असेल."

"हो, असेल," ती म्हणाली. तिने दार अगदी हळू लावलं.

त्याच दिवशी, ६ मार्चला, दुपारी गाडी दुसऱ्यांदा पाट्यांवर चढली. बाइंडरने मॅटसुद्धा काढून घरी ठेवल्या होत्या.

"सातशे साडेसत्त्याऐंशी," तपासनीस बाई म्हणाल्या. "तुम्ही सामान काढलंत की भरलंत?"

मेहुण्याने त्याला बाजूला घेतलं. "भावजी, ऐका माझं. तिसरी तपासणी करूच नका. आपणहून भंगारात द्या. निदान चार पैसे तरी सुटतील. ताईसाठी मी बघतो काहीतरी, माझी दुचाकी आहे. ती म्हणेल तुझ्यामागे बसण्यापेक्षा चालत जाते, पण बघतो."

शेडमागे दाबयंत्र कण्हलं. एक लाल गाडी आत गेली होती. मेहुणा बोलतच होता, पण बाइंडरचं लक्ष होतं त्या आवाजाकडे, आणि तो आपल्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराशी जाऊन उभा राहिला. असं का केलं हे त्याला त्या घडीला सांगता आलं नसतं.

४

आकड्यांनी त्याची पाठ सोडली नाही. साडेचव्वेचाळीस. तीन दिवसांनी साडेसत्तेचाळीस. हे आकडे आपण कुठेतरी लिहिलेले आहेत असं त्याला सारखं वाटत होतं. संध्याकाळी त्याने आईच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि निळ्या कापडी बांधणीची एक वही काढली. ती त्यानेच बांधली होती.

आईची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून चार वर्षं तो तिला दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी डायलिसिसला नेत असे. पहाटे बायकोला शाळेत सोडायचं, सातला केंद्रावर पोहोचायचं, अकराला आईला घेऊन निघायचं. आई नेहमी मागे डावीकडे बसायची. "गार होतंय रे, काच वर कर," हे तिचं ठरलेलं वाक्य. प्रत्येक वेळी आधी वजन, नंतर वजन. लघवी होत नाही, त्यामुळे पाणी अंगात साठत जातं. यंत्र ते चार तासांत काढतं, आणि उरतं ते माणसाचं खरं वजन. केंद्रातले लोक त्याला ड्राय वेट म्हणत. आईचं एक्केचाळीस किलो होतं.

वहीत दोन रकाने होते, आधी आणि नंतर. शेवटच्या पानावर १७ जानेवारी, शनिवार. आधी त्रेचाळीस, नंतर एक्केचाळीस. खाली २० जानेवारी, मंगळवार. आधी, घरच्या काट्यावर, साडेचव्वेचाळीस. नंतरचा रकाना कोरा होता.

बायको दाराशी येऊन उभी राहिली. त्याने वही तिच्यापुढे सरकवली. तिने बोट ठेवून वाचलं, मग तपासणीचे दोन कागद वाचले, आणि पलंगाच्या कडेवर बसली.

त्या मंगळवारी पहाटे डायलिसिसचं कार्ड काढायला त्याने गाडीचा कप्पा उघडला होता. कार्डाखाली विम्याचा कागद होता. मुदत आदल्या रात्री बारा वाजता संपली होती. आयुष्यात पहिल्यांदा तारीख चुकली होती, आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणं त्याच्याच्याने होणार नव्हतं. दुसरा कोणी असता तर त्याने कप्पा बंद केला असता आणि किल्ली फिरवली असती. बाइंडर वर आला. टॅक्सी बोलावतो म्हणाला. आई म्हणाली, "परक्या गाडीत मला बसवत नाही. एका दिवसाने काय होतंय? उद्या जाऊ." केंद्रावर फोन केला. तेही बुधवारी सकाळी सातला या म्हणाले. तोवर विमा उतरवता येईल, असं त्याने धरलं.

बुधवारी पहाटे पाचला आई उठली, साडी नेसली, पायात चपला घातल्या आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिली. तिथेच तिचा श्वास पाण्याने भरला. तो उठून बाहेर आला तेव्हा ती अजून गाडीच्या किल्लीकडे तोंड करून बसलेली होती.

"मीच म्हटलं होतं, आईंचंच ऐका म्हणून," बायको म्हणाली.

"तू काय करणार होतीस?"

"टॅक्सी." तिने कोऱ्या रकान्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुम्ही सांगून बघा ना त्यांना. उतरा म्हणावं."

"आणि कुठे जा म्हणू?"

तिने वही मिटली आणि त्याच्या हातात दिली.

"दिवसाला एक किलो वाढतंय," तो म्हणाला. "मी तीन दिवस त्याच रस्त्याने गेलो. केंद्राच्या वळणापर्यंत जातो आणि सरळ निघून जातो. त्यांना वाटत असेल..." आईला तो कधी 'त्यांना' म्हणत नसे. "तिला वाटत असेल, आज नेतोय."

५

७ मार्च, शनिवार. हलके ढग, हवा दमट. बायकोला सोडून बाइंडरने सातला पाच कमी असताना डायलिसिस केंद्राच्या फाटकात गाडी वळवली. मागच्या सीटवर आईची राखाडी शाल घडी करून ठेवली होती.

वॉचमन खुर्चीवरून उठला. "काय काका, बऱ्याच दिवसांनी. गावाला गेला होता का?"

"हो."

"आई आल्यात ना?"

बाइंडरला खोटं बोलायची सवय नव्हती. "गाडीत आहे," तो म्हणाला.

वॉचमनने मागच्या धूसर काचेकडे बघून पूर्वीसारखा हात वर केला. मग रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली, आणि 'सोबत' या रकान्यात एक.

नेहमीच्या जागी, कडुनिंबाच्या सावलीत, बाइंडरने गाडी लावली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. इंजिन बंद झाल्यावर मागचा आवाज उघडा पडला. गुडगुड, थांबा, गुडगुड. आपल्याला कोणी पाहिलं तर काय म्हणेल, हा विचार त्याच्या मनात आला. पन्नाशी उलटलेला माणूस रिकाम्या गाडीत बसून आईची वाट बघतोय. हा शोक आहे, याला औषध असतं, मेहुण्याच्या ओळखीचा एक डॉक्टर आहे. सगळं खरं होतं. तो बसून राहिला. सवयीने घड्याळ पाहून मोजत राहिला. साडेसातला सव्वीस. साडेआठला बावीस. नऊला वीस.

पावणेदहाला कापडाचा आवाज आला.

त्याने मान वळवली नाही. आरशात फक्त वर बघितलं. घडी केलेली शाल उलगडली होती. ती सीटच्या पाठीपर्यंत वर ओढलेली होती, हनुवटी असते तिथवर. तिच्या वर नुसती सीट होती. तिच्या खाली काहीतरी वर येत होतं, खाली जात होतं. आता घाई नव्हती त्यात. थंडीने आखडलेलं माणूस ऊब लागल्यावर जसं सैल पडतं, तशी शाल मधूनच खांद्याजवळ सैल पडली.

बाइंडरने हात वर करून आरसा छताकडे फिरवला. मग मागे न बघता डाव्या काचेचं बटण दाबलं. काच बोटभर उघडी होती. ती वर गेली.

अकराला तो निघाला तेव्हा गाडीत कसलाही आवाज नव्हता.

६

१० मार्च, मंगळवार. आकाश स्वच्छ, उत्तरेकडून गार वारा. सकाळी सात ते अकरा डायलिसिस केंद्रावर, कडुनिंबाखाली. साडेबाराला तिसरी तपासणी.

बायको शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. मेहुणाही आला होता, पण आज तो विनोद करत नव्हता. बाइंडरने सीटवरची शाल उचलून हातावर घेतली, मागची काच बोटभर खाली केली आणि गाडी पाट्यांवर उभी केली. शेडमागे दाबयंत्र चालू होतं.

"सातशे एक्क्याऐंशी," तपासनीस बाई म्हणाल्या. त्यांनी मागचे दोन कागद काढून शेजारी ठेवले. "साडेचव्वेचाळीस, साडेसत्तेचाळीस, एक्केचाळीस. आजवर एकही गाडी अशी झुलताना पाहिली नाही मी. पण पंधराच्या वरच आहे. म्हणजे नापास."

"एक्केचाळीसच्या खाली जाणार नाही," बाइंडर म्हणाला. "ते खरं वजन आहे."

"कशाचं?"

त्याने हातावरची शाल नीट केली. त्याच्या बायकोने पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

बाईंनी पेन ठेवलं. "हे बघा. गाडीत काही कायमचा बदल केला असेल, आणि तो मालकाने लिहून दिला, तर नवं वजन कागदावर चढवता येतं. लोक गॅसची टाकी बसवतात, अपंगांसाठी सीट बसवतात. पण बदल मला बघावा लागतो. आणि नोंदवल्यावर तो काढता येत नाही. पाच वर्षं दर तपासणीला एवढंच वजन भरलं पाहिजे. जास्त भरलं तरी नापास, कमी भरलं तरी."

"भावजी, विचार करा," मेहुणा हळूच म्हणाला.

बाइंडरने फॉर्म घेतला. कायम बदल या ओळीपुढे त्याने त्याच्या सुबक, सरळ अक्षरात लिहिलं: मागची डावी सीट, एक्केचाळीस किलो, काढता येत नाही. सही केली. तारीख घातली, आणि ती दोनदा तपासली.

बाई फॉर्म घेऊन गाडीकडे गेल्या. मागचं डावं दार उघडून त्या आत वाकल्या. आत वाकून त्या जितका वेळ थांबल्या, तितका वेळ सीट बघायला लागत नाही. मग त्या ताठ झाल्या, आणि दिवसभर दारं आपटणाऱ्या त्या बाईंनी ते दार दोन्ही तळहातांनी दाबून, आवाज न करता लावलं.

परत येऊन त्यांनी पेन उचललं.

"काच खाली राहिली होती," त्या म्हणाल्या. "वर केली."

मेहुण्याने विम्याचा फॉर्म पुढे केला. "रोजचा वापर," त्याने विचारलं, "तोच ठेवू?"

"नाही," बाइंडर म्हणाला, आणि पुढचं सांगितलं.

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी कागद हातात आले. तपासणी, तिसरी: पास. नोंदणी: पाच वर्षांसाठी मंजूर. रिकाम्या गाडीचं वजन: सातशे एक्क्याऐंशी किलो. विमा: एक वर्ष. रोजचा वापर: शाळा आणि ग्रंथालय. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा: डायलिसिस केंद्र.